कोंगीचं वजन

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेच्या हॉलमध्ये प्यो गूम-जा बाईंचा वर्ग भरतो. ज्या फार्मासिस्टना माणसांच्या औषधांबरोबर जनावरांचीही औषधं ठेवायची आहेत, त्यांनी तिथे यायचं. बारा-पंधरा जण येतात. बरेचसे तरुण, मोठ्या शहरात शिकून आलेले, हातात कॉफीचा कागदी पेला. त्यांना वाटतं, बाई फळ्यावर यादी लिहून देतील, मांजराला हे चालत नाही, कुत्र्याला ते चालत नाही, ती उतरवून घ्यायची की आपण घरी जायला मोकळे. बाई यादी देतात, पण शेवटी. आधी त्या टेबलावर तान्ह्या बाळांना मोजायचा काटा ठेवतात आणि शेजारी एक जिवंत कुत्रं ठेवतात. गेल्या महिन्यात कुत्रं मी आणलं होतं, आणि त्याने हॉलच्या पायपुसण्यावर आपली हजेरी लावली.

मग बाई स्वतः कुत्र्याची मालकीण होतात आणि समोरच्याला म्हणतात, विचार मला. पोरगा विचारतो, वजन किती? बाई म्हातारीसारखं बोळकं तोंड करून सांगतात की असेल अर्धं पोतं रताळ्यांएवढं. पोरं हसतात. बाई हसत नाहीत. म्हणतात, हसून झालं असेल तर आता औषध किती देणार ते सांग. तिथे पोराची कॉफी गार होते.

मी मागच्या खुर्चीवर असतो. मदतनीस म्हणवतो, खरं तर खुर्च्या मांडतो आणि उचलतो. बाईंचं दुकान आणि माझं दुकान बाजाराच्या रस्त्यावर समोरासमोर आहे. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आलो आहोत. तेव्हा माझ्याकडून नुसती आरती ऐकायला मिळेल, अशी आशा कुणी ठेवू नये.

बाई खाटकाची मुलगी. बाजाराच्या टोकाला वडिलांचं दुकान होतं. तिथल्याच फळीवर बसून त्यांनी अभ्यास केला आणि फार्मसीच्या कॉलेजात पहिल्या आल्या. कॉलेजात माझ्या तीन वर्षं पुढे होत्या. त्यामुळे त्या मला यॉम म्हणतात आणि अरे-तुरे करतात, मी त्यांना ताई म्हणतो आणि मनातल्या मनात काय म्हणतो ते माझं मी जाणतो. बोलणं तुटक, हसणं कमी, आणि चूक दाखवायची तर चारचौघांत दाखवायची, हा त्यांचा स्वभाव. नवऱ्याने कधीकाळी दुकानात मदत करून बघितली. आता तो मासे पकडायला जातो आणि सुखी आहे.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी जनावरांच्या औषधांचा परवाना काढला. आमच्याकडे गाईगुरांचा डॉक्टर गावोगाव फिरतो, पण कुत्र्या-मांजरांचं हॉस्पिटल नदीपलीकडे कुनसानला. आमचा गावचा बसवाला काणाडोळा करतो, पण कुनसानचा बसवाला पिंजऱ्याशिवाय कुत्रं चढू देत नाही, आणि आमच्या म्हाताऱ्यांकडे पिंजरा असतो तो कोंबड्यांचा. मग काय, जो तो आपलीच गोळी कुत्र्याला अर्धी करून द्यायचा. एक आजोबा तर आपली ब्लड प्रेशरची गोळी कुत्र्याबरोबर वाटून घ्यायचे. तोही माझ्यासारखाच धापा टाकतो, म्हणायचे. ते ऐकून बाई तीन रविवार शहरात जाऊन शिकून आल्या आणि दारावर पंजाच्या चित्राची पाटी लावली.

मला गप्प राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, आता खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाने आधी भुंकून दाखवायचं का?"

"तू नको भुंकूस," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज ओळखीचा आहे."

तर पाटी लागली आणि लोक यायला लागले. त्यांतच एक हानसानवाली आजी. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या माहेरच्या गावाने ओळखतात. खरं नाव तिचं तिलाही क्वचितच लागत असेल. दर पाच दिवसांनी बाजार भरतो तेव्हा ती आमच्या दोघांच्या दुकानांपासून जरा अंतरावर प्लास्टिक अंथरून पालेभाजी, लसूण, रताळ्याचे देठ घेऊन बसायची. बरोबर ढकलगाडीत कोंगी. कोंगी म्हणजे सोयाबीनचा दाणा. कुत्री होतीही तशीच, बारकी आणि पिवळसर. अकरा वर्षांची झाली आणि तिचे मागचे पाय आखडले. गाडीत बसवली की कण्हायची, म्हणून आजी तिला घरी ठेवायला लागली.

गुरांच्या डॉक्टरने कोंगीला बघून चिठ्ठी लिहून दिली. सांधेदुखीचं पातळ औषध, दिवसातून एकदा, वजनाप्रमाणे, चौदा दिवस. या औषधाच्या खोक्यात बिनसुईची एक पिचकारी येते. तिच्यावर औषधाच्या मापाच्या नाही, कुत्र्याच्या वजनाच्या रेघा असतात. पाच किलोचं कुत्रं असेल तर पाचच्या रेघेपर्यंत औषध ओढायचं, की झालं. हिशेब करायलाच नको.

बाईंनी वजन विचारलं. आजी म्हणाली, दहा गुन, सकाळीच काट्यावर घातली होती. नक्की मोजलंय ना, बाईंनी पुन्हा विचारलं. आजीला राग आला. काट्यापाशी जन्म गेला माझा, म्हणाली. बाईंना उलट बरं वाटलं. इतर लोक हाताने उचलून अंदाज सांगतात, ही मोजून आली होती. त्यांनी पिचकारीवर सहाच्या रेघेला लाल खूण केली, पोटात काहीतरी गेल्यावरच द्यायचं, उलटी झाली तर थांबवायचं, सगळं नीट समजावलं. शहरात शिकवलं होतं त्यातलं काही म्हणजे काही राहिलं नाही.

आता हा गुन. हे आमचं जुनं माप. सरकारने ते केव्हाच मोडीत काढलंय, पण बाजार अजून गुनातच बोलतो. मांसाचा गुन सहाशे ग्रॅमचा आणि भाजीचा चारशेचा. असं का, ते विचारू नका, मला माहीत नाही. कुणाचा घोळ होत नाही, कारण समोर कोबी ठेवलाय की डुकराची फरी, ते दिसत असतं. कुत्रं यातल्या कशात धरायचं, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. बाई खाटकाच्या घरात वाढल्या. त्यांच्या डोक्यात दहा गुन म्हणजे सहा किलो, हे पाढ्यासारखं पक्कं. आजीचा जन्म पाल्यात गेलेला. तिचे दहा गुन म्हणजे चार किलो.

अकराव्या दिवशी आजी बाईंच्या दुकानात आली. कोबीची वर्षाची किमची मुरत घालायचे दिवस, रस्ता कोबीने भरलेला, आणि मी नेमका तिथे सर्दीच्या गोळ्यांचं खोकं उसनं मागायला गेलेलो. भांडण वेगळं आणि उसनवारी वेगळी. आजी म्हणाली, दोन दिवस कोंगी खात नाही आणि शी डांबरासारखी करते.

काळी शी म्हणजे पोटात रक्त, हे माझ्यासारख्यालाही कळतं. बाईंनी विचारलं, लाल खुणेच्या वर तर कधी गेलं नाही ना? नाही. जेवणानंतरच दिलं ना? हो. मग बाईंनी दारातून बाहेर आजीच्या प्लास्टिकवर ठेवलेल्या काट्याकडे बघितलं.

"आजी, तुमच्या काट्यावर दहा गुन म्हणजे किलो किती?"

"चार," आजी म्हणाली. "अजून किती असणार?"

माझ्यासमोर बाईंचा चेहरा उतरला. ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकान बंद केलं, आजीला गाडीत घातलं, गावी जाऊन कोंगीला उचललं आणि नदी ओलांडून हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी दारातच सांगितलं की औषध दीडपट गेलंय आणि ते माझ्यामुळे गेलंय. आजी तेव्हा कोंगीला घट्ट धरून बाकावर बसली होती, तिला ऐकू गेलं नाही. पोटात जखम झालीय, डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत काय ते कळेल.

संध्याकाळी बाई माझ्या दुकानात आल्या आणि पहिल्यांदाच न विचारता बसल्या. आजीला वाटतंय म्हातारपणाने झालं, म्हणाल्या. मी म्हणालो, मग वाटू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुत्री तशीही म्हातारी आहे. तुम्ही बोललात तर उद्या अख्खा बाजार बोलेल, आणि आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तुम्हाला हौस असेल तर पाटीवरचा पंजाही उतरवावा लागेल. हे मी त्यांच्या भल्यासाठी सांगितलं. थोडं माझ्याही धंद्याची लाज राखायला सांगितलं.

"उद्या दुसऱ्या कुणी तिला वजन विचारलं तर ती काय सांगेल?" बाई म्हणाल्या. "दहा गुनच सांगेल ना. काय झालं ते तिला कळलंच नाही, तर पुन्हा तेच होईल."

दुसऱ्या दिवशी आजीच्या गावी जायला गाडी मी काढली. आजी अंगणात बसून कोबी मिठात घालत होती. बाई खाली जमिनीवर बसल्या, मान झुकवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. आजी कोबीची पानं उलगडून मीठ लावत राहिली.

"सहाशे?" तिने शेवटी विचारलं. "कशाचं सहाशे?"

"मांसाचा गुन, आजी."

आजीचे हात थांबले. "पूर्वी इथे ट्रकवाला यायचा. भोंगा लावून ओरडायचा, कुत्री घेतो, कुत्री घेतो. आमच्या यांनी चार दिली त्याला. दारातच काटा अडकवायचा आणि ओरडून सांगायचा, इतके गुन भरलं. मी आत चुलीपुढे बसून ऐकायची. हे गेले, आणि मग मी कोंगीला आणलं. हिला कुणी मांसात मोजायचं नाही, म्हणून मी तिला माझ्या पाल्याच्या काट्यावर मोजते."



"औषध जास्त झालं, ते झालं. माणूस आहे, चुकतो," आजी म्हणाली. "पण तू तिला मांसात मोजलंस. तुझा बाप खाटीक होता, ठाऊक आहे मला. चांगला माणूस होता. पण तू तर औषधवाली आहेस ना?"

मग तिने पुन्हा मीठ हातात घेतलं आणि सांगितलं की तुझ्या दुकानाची पायरी आता मी चढणार नाही. आम्ही परत आलो. वाटेत मला बाईंचं फार वाईट वाटलं आणि ते कसं बोलून दाखवायचं ते कळेना, म्हणून मी रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत राहिलो.

कोंगी वाचली. नऊ दिवसांनी घरी आली, हाडं वर आलेली, पण आपल्या पायांवर. डॉक्टरांनी ते औषध कायमचं बंद केलं आणि कागद लिहून दिला. पोटाचं औषध रोज, आणि हृदयातल्या जंतांची गोळी महिन्यातून एकदा, दर वेळी वजन बघून. महिन्याभराचं सगळं बरोबर दिलं.

ते संपल्यावर आजी कागद घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, माझ्याकडे जनावरांच्या औषधांचा परवाना नाही, ते दुकान समोर आहे. समोर काय आहे ते मला दिसतं, आजी म्हणाली, आणि कागदाची घडी करून निघून गेली. नंतरच्या बाजाराला आली तेव्हा कळलं, कोंगीने पुन्हा खाणं कमी केलंय. पोटाचं औषध बंदच होतं. ज्या बाईने चार कुत्री गुनावर गेलेली ऐकली, तिचा हट्ट मोडणारा मी कोण?

ही बातमी मी बाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या माझ्या शटरपाशी उभ्या. काखेत तीन जाड वह्या.

"तू परवाना काढ," म्हणाल्या.

मी म्हणालो, कुत्र्याच्या केसांनी मला शिंका येतात. त्या म्हणाल्या, मग शिंकत शिक. मी म्हणालो, ताई, शुद्धीवर आहात का? या रस्त्यावर जनावरांचं औषध तुमच्या एकटीकडे आहे. ते मला शिकवलंत तर तुमचं अर्धं गिऱ्हाईक माझ्याकडे येईल.

"कोंगीला औषध मिळायला हवं," त्या म्हणाल्या. "आजी माझ्याकडे येत नाही. तुझ्याकडे येते."

अशी ही त्यांच्या शिकवण्याची सुरुवात. पहिला विद्यार्थी मी, वय सेहेचाळीस. आठवड्यातून तीन सकाळी, सहा आठवडे. मला वाटलं होतं, औषधं तर मला येतात, फक्त आकडे लहान होतील. पहिल्याच दिवशी बाईंनी माझं नाक कापलं. बिनसाखरेचं खोकल्याचं सिरप कुत्र्याला चालेल का, विचारलं. मी म्हणालो, साखर नाही म्हणजे उत्तमच. त्या म्हणाल्या, साखरेऐवजी जे घालतात त्याने कुत्रं मरतं, आज तू एक मारलंस. मांजराला माणसाची तापाची गोळी देऊन मी दुसऱ्या दिवशी आणखी एक मारलं. आठवडाभरात माझ्या नावावर गोठाभर जनावरं मेली.

पण खरी तालीम प्रश्न विचारण्याची होती. बाई म्हातारी व्हायच्या, आजोबा व्हायच्या, शाळकरी मुलगी व्हायच्या, आणि माझ्याशी सराईतपणे खोटं बोलायच्या. कुत्र्याला दुसरं काही दिलंय का? नाही हो. पाचव्यांदा विचारल्यावर सांगायच्या, तशी माझी गुडघ्याची गोळी दिली होती, पण ती काय औषधात मोडते? मी चिडायचो. वीस वर्षांच्या आसपास माणसांना हेच विचारतोय, म्हणायचो, मला विचारायला शिकवता?

"तुझी माणसं स्वतःचं दुखणं सांगतात," बाई म्हणाल्या. "इथे दुसऱ्याचं सांगतात. ऐकून वजन घ्यायचं नाही. काट्यावर घ्यायचं, किलोत घ्यायचं, मोठ्याने म्हणायचं आणि मालकाला म्हणायला लावायचं. मी यातलं एकही केलं नाही, यॉम."

एवढं एकच वाक्य त्यांनी त्या प्रकाराबद्दल काढलं. पुढच्या मिनिटाला त्या पुन्हा आजोबा झाल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझा परवाना आला. बाईंनी मला बाळांचा काटा आणून दिला आणि आजीपाशी आपलं नाव काढायचं नाही, असं बजावलं. मासे विकणाऱ्या बाईकडून मी हानसानवालीला निरोप धाडला. पुढच्या बाजाराला ती आली, ढकलगाडीत कोंगी, अंगात बटणांचं कापूस भरलेलं गुलाबी जाकीट. खाणं कमी झालेलं डोळ्यांना दिसत होतं. मी शिंकलो, सगळे प्रश्न विचारले, कोंगीला काट्यावर ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, चार किलो शंभर. आजीलाही म्हणायला लावलं. तिने म्हटलं, आणि माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

मला खोटं जमत नाही, आणि खरं बोलायची बंदी होती. ज्यांना स्वतःला शिकावं लागलं त्यांनी, असं काहीतरी मी पुटपुटलो. आजीने पुढे विचारलं नाही. पोटाचं औषध घेतलं, जंतांची गोळी घेतली. त्या गोळीची दोन मापं असतात, चार किलोपर्यंत लहान आणि चारच्या वर मोठी. मी मोठी दिली. ती बसच्या थांब्याकडे गेली आणि मी छाती पुढे काढून रस्ता ओलांडला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. किती भरलं, विचारलं. मी सांगितलं.

"जाकीट काढून मोजलंस ना?"

सहा आठवड्यांत त्यांच्या एकाही म्हातारीने मला जाकीट घातलेलं कुत्रं दाखवलं नव्हतं. मी तसं म्हणणार होतो, पण तोवर बाईंनी आपला काटा काखेत मारला होता आणि त्या दाराबाहेर पडल्या होत्या.

थांब्यावर तीन-चार बायका टोपल्या घेऊन बसच्या वाटेकडे बघत होत्या. हानसानवाली बाकाच्या टोकाला. बाई तिच्यापासून दोन पावलांवर थांबल्या आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "यॉम, आजींना सांग, वजन जाकिटासकट झालं. गोळी मोठी गेली असेल. पुन्हा मोजायला हवं."

आजीला अर्थातच ऐकू आलं. दोघी एकमेकींना ऐकू येईल इतक्या जवळ, आणि मध्ये मी, निरोप्या. सांगू की नको, अशा विचारात असताना बस आली. बायका चढल्या. ड्रायव्हरने आजीला हाक मारली. पुढची बस दीड तासाने होती. आजीने जरा वेळ बसकडे बघितलं आणि मग त्याला हाताने जा म्हणून खूण केली.

तिने कोंगीच्या जाकिटाची बटणं काढली, एकेक करून, बोटं आखडलेली असल्यामुळे वेळ लागला. कोंगी थरथरायला लागली. मी दोन्ही हात पुढे केले. आजी माझ्या हातांना वळसा घालून पुढे गेली आणि तिने कोंगी प्यो बाईंच्या हातात दिली.

बाईंनी बाकावर काटा ठेवला, शून्यावर आहे ना ते दोनदा बघितलं, कोंगीला ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "तीन किलो आठशे."

आजीने चष्मा लावला आणि वाकून आकडा स्वतः वाचला. "तीन किलो आठशे," ती म्हणाली. "मग लहान गोळी आण. आणि लवकर आण, तिला थंडी वाजतेय."

लहान गोळ्या माझ्या दुकानातही होत्या, पण आजी माझ्याकडे बघत नव्हती.